स्टिलनेस ऑफ द सी, निकोल ल्युबिच (इंग्रजी पेपरबॅक): कोर्टाचा भाग जबरदस्त, लव्ह स्टोरी ठीकठाक

युद्धावरची कादंबरी म्हटलं की मला आधीच धडकी भरते, पानोपानी रक्त आणि लेखक आपल्याला रडवायला टपून बसलेला. ही तसली नाहीये. युगोस्लाव्हिया फुटतानाचं युद्ध संपून बरीच वर्षं झालीयेत, बर्लिनमध्ये रॉबर्ट नावाचा पोरगा आहे, मूळ क्रोएशियाचं पण त्याला त्याचं काही सोयरसुतक नाही, आणि तो आना नावाच्या सर्बियन मुलीच्या प्रेमात पडतो. तिचे वडील शेक्सपिअरचे प्राध्यापक. आणि हेच प्राध्यापक महाशय हेगच्या युद्धगुन्ह्यांच्या कोर्टात आरोपी म्हणून उभे आहेत, बोस्नियातल्या विशेग्राद गावात ४२ माणसांना एका घरात नेऊन जाळलं त्यात त्यांचा हात होता म्हणून!

आता हे प्राध्यापक आणि हा खटला काल्पनिक आहेत, पण विशेग्रादमध्ये १९९२ साली लोकांना घरात कोंडून जाळलं हे खरं आहे, त्यासाठी मिलान लुकिच या सर्ब सशस्त्र टोळीच्या म्होरक्याला त्याच कोर्टाने २००९ मध्ये जन्मठेप दिली. कादंबरी जर्मनमध्ये आली २०१० साली, म्हणजे प्रकरण ताजंच होतं.

कोर्टाचे प्रसंग कमाल आहेत. रॉबर्ट पब्लिक गॅलरीत बसतो, मध्ये काच, पलीकडे खटला चालू, आणि तिथे सगळं दुभाष्यामार्फत चालतं, म्हणजे साक्षीदार आयुष्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट सांगतोय आणि ती पोचते कोणा तिसऱ्याच माणसाच्या शांत आवाजात. वाचताना मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला तर तो प्राध्यापक आवडायला लागतो याचा. शिकलेला, सभ्य, पोरीचा लाडका बाप, हा असलं काही करेल असं वाटतच नाही आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते. निकाल काय लागतो ते सांगत नाही.

लेखक मुळात पत्रकार, ते लगेच कळतं. जन्म आत्ताच्या क्रोएशियातल्या झाग्रेबचा, १९७१ चा, वडील लुफ्तान्सात विमानांचे टेक्निशियन, त्यामुळे लहानपण स्वीडन, ग्रीस, रशिया, जर्मनी असं फिरण्यात गेलं, मग हॅम्बुर्गला पॉलिटिकल सायन्स आणि पत्रकारितेचं शिक्षण. वडील जर्मन कसे झाले यावर २००६ मध्ये त्याने आख्खं पुस्तक लिहिलंय, आणि त्याआधी चक्क एका राजकीय पक्षात मेंबर होऊन त्या अनुभवावर एक (हा माणूस विषय शोधायला कुठेही घुसतो बहुतेक). म्हणूनच रॉबर्ट खरा वाटतो. आडनाव तिकडचं, पण युद्ध बघितलं ते लांबूनच, आणि आता अचानक सगळे विचारणार की तू कोणाच्या बाजूचा. लेखक स्वतः सगळं भोगल्याचा आव कुठेही आणत नाही, मला ते फार आवडलं.

लव्ह स्टोरी मात्र थोडी फिकी. आना शेवटपर्यंत नीट हाती लागत नाही, मुद्दाम तशी ठेवली असेल कदाचित, पण दोघांच्या बर्लिनमधल्या काही पानांवर मी चक्क जांभया दिल्या. शिवाय आत्ता कोर्ट, मग मागचं, परत कोर्ट असं सारखं मागेपुढे होत राहतं, झोपताना दोन-दोन पानं वाचणाऱ्यांचं काम नाही.

अनुवादक अ‍ॅना पॅटर्सनचं इंग्रजी सोपं आहे, कुठे अडायला होत नाही. ग्लासगोच्या व्हॅगाबाँड व्हॉइसेस या छोट्या प्रकाशनाने २०११ मध्ये काढलंय. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा कोण कोणाशी लढत होतं हे अजिबात माहीत नसेल तर आधी अर्धा तास नेटवर वाचून घ्या, नाहीतर नावांच्या गर्दीत हरवाल.

जर्मन पुस्तक पुरस्काराच्या लाँगलिस्टमध्ये ही होती. माझ्याकडून पाचात चार. जर्मन येत असेल तर ल्युबिचची २०१७ ची कादंबरी बघा, अणुऊर्जेच्या धोरणाविरोधात १९७७ मध्ये हॅम्बुर्गला स्वतःला पेटवून घेतलेल्या हार्टमूट ग्र्युंडलर या शिक्षकावरची. माझं जर्मन 'गुटेन मॉर्गन'च्या पुढे जात नाही, त्यामुळे कोणी वाचली असेल तर कशी आहे ते खाली लिहा.