गृहीतक फोडायचं की दुसरं कारण शोधायचं?

जीमॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या भाचीचा प्रश्न: ‘मामा, दिलेला युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय निवडायचा तर आधी गृहीतक (न सांगता धरून चाललेली गोष्ट) शोधू, की थेट दुसरं कारण?’ उदाहरण आपल्या सोलापूरचंच घेऊ. समजा, एका दुकानदारानं डिसेंबरअखेर नवा फलक लावला, जानेवारीत चादरींचा खप दुप्पट झाला. म्हणून फलकामुळेच खप वाढला, असा निष्कर्ष.

वेळेच्या हिशेबात दुसरं कारण सरस. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, शिवाय थंडी. निष्कर्ष लगेच डळमळतो. भाषेच्या विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न सोडवायचे असताना हे मोलाचं. पण ही रीत कार्यकारणाच्या दाव्यापुरतीच. ‘अमुक योजना राबवली की तमुक साधेल’ अशा प्रश्नात ती लंगडी पडते.

गृहीतकाला वेळ लागतो, सुरुवातीला डोकंही तापतं. इथलं गृहीतक काय? गिऱ्हाइकांनी फलक पाहिला. ‘बहुतेकांनी परगावाहून फोनवर मागणी नोंदवली’ हा पर्याय नेमका तिथेच घाव घालतो. योजना, तुलना, सर्वेक्षण, सगळीकडे ही रीत चालते.

चूक मात्र दोन्हीकडे एकच होते: निष्कर्ष साफ खोटा ठरवणारा पर्याय शोधत बसणं. नुसती शंका निर्माण झाली तरी पुरे!

परीक्षा आठवड्यावर आली असेल तर दुसऱ्या कारणावर भर द्या. दोन-तीन महिने हाताशी असतील तर गृहीतकच घोटा.