फोंड्यातील एका बालवाडीविषयी

आमच्या मुलीला गेल्या जूनमध्ये, तिसरे वर्ष पुरे होण्याआधीच, फोंड्यातील एका मराठी बालवाडीत घातले. वर्षभराच्या अनुभवावरून हे लिहीत आहे. जागा हवेशीर आहे, बाई प्रेमळ आहेत आणि पावसात भिजून आलेल्या मुलांचे कपडे त्या न सांगता बदलतात. तक्रार आहे ती घाईची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार ३ ते ६ ही वर्षे मुख्यतः खेळातून शिकण्याची आहेत आणि पहिलीचे वय ६ आहे. इथे मात्र चतुर्थीची सुट्टी संपताच गमभन गिरवायला वही हाती आली. पेन्सिल मुठीत आवळून ‘ग’ची दांडी ओढताना तिचा अंगठा पांढरा पडे, आणि शेजारी बसणारा, तिच्याहून दहा महिन्यांनी मोठा मुलगा तेच अक्षर सहज काढी. ‘मागे पडते’ हा शेरा त्यामुळे बुद्धीपेक्षा जन्मतारखेचाच होता; वर्गातली सर्वांत लहान मुले सुरुवातीला मागे दिसतात, हे अनेक देशांतील अभ्यासांत आढळलेले आहे. शुल्क वाजवी आहे. धाकट्यालाही इथेच घालणार आहे, पण चौथे लागल्यावर.