उपग्रहाची चित्रं बघताना कालनिर्णय जवळ ठेवा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गणपतीला मुंबईहून आलेल्या मावसभावाने परत जायच्या आदल्या रात्री माझ्या लॅपटॉपवर एक पान उघडून ठेवलं. म्हणाला, "ताई, तुझं घर आभाळातून बघ." ते पान म्हणजे कोपर्निकस ब्राउझर. युरोपचे सेंटिनेल उपग्रह २०१४ पासून पृथ्वीची जी चित्रं काढतायत, ती इथे नकाशावर गाव शोधून, तारीख निवडून बघता येतात. एक पैसा लागत नाही. नुसतं बघायचं असेल तर खातंही उघडावं लागत नाही, चित्र उतरवून घ्यायचं असेल तरच नोंदणी.

आम्ही मालवणजवळ देवबागला राहतो. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर आमचं घर आणि पाहुण्यांसाठी चार खोल्या. इथे दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला किनाऱ्याची धूप आणि बंधारा येतोच. त्यामुळे हे पान हाती लागल्यावर मी काय शोधणार, ते उघडच होतं.

पहिला महिना नुसता कापूस बघितला. सेंटिनेल-२ आपल्या डोळ्यांसारखाच उजेडात बघतो, ढगाआडचं त्याला दिसत नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकणातली कुठलीही तारीख दाबा, बहुतेक वेळा पांढरंफटक. ढगाचं प्रमाण ठरवायला एक सरकपट्टी आहे. ती वीस टक्क्यांवर आणली की कॅलेंडरातल्या पावसाळ्याच्या तारखा पटापट गळून पडतात. सेंटिनेल-१ रडारवर चालतो, त्याला ढग आडवे येत नाहीत. पण त्याचं चित्र काळं-करडं, एक्स-रेसारखं. मी दोनदा उघडलं, नीट वाचता आलं नाही, सोडून दिलं. ज्यांना येतं त्यांनी जरूर बघावं.

दिवाळीच्या सुमारास आभाळ मोकळं झालं आणि मग मात्र मी रात्रीची जेवणं आटोपली की लॅपटॉप घेऊन बसायला लागले. रंग बदलायची सोय भारी आहे. उपग्रहावरचा कॅमेरा प्रकाशाच्या तेरा पट्ट्या वेगवेगळ्या टिपतो. त्यातली डोळ्यांना न दिसणारी पट्टी लाल रंगाने दाखवायला सांगितली की हिरवं ते सगळं लाल होतं. कर्लीच्या काठचं कांदळवन असं गडद लाल उठून दिसलं की घरातली सगळी लॅपटॉपभोवती जमली. माडाची बाग आणि कांदळवन यांचा लाल वेगळा, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

अपेक्षा मात्र बेतात ठेवा. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन. आमचं घर, पडवी आणि विहीर मिळून दोन-तीन ठिपके. होडी ओळखू येत नाही, माणूस तर नाहीच. शिवाय दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी एक फेरी. म्हणजे हा अल्बम आहे. सीसीटीव्ही समजून कोणी वापरायला गेलं तर पदरी निराशाच. पाहुणे विचारतात, उद्या पाणी नितळ असेल का, बोट जाईल का? त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघायचा, हे पान नव्हे.

आता माझी फजिती. जानेवारीत मी २०१८ च्या थंडीतलं एक चित्र काढलं आणि यंदाच्या थंडीतलं एक. दोन चित्रं एकावर एक ठेवून मधली रेघ डावी-उजवीकडे ओढता येते. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. रेघ ओढली तशी आमच्या समोरची पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, झर्रकन अरुंद झाली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मोजपट्टीने मोजलं तर तीन-चार ठिपके, म्हणजे तीस-चाळीस मीटर गायब! मी स्क्रीनचा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात ग्रुप पेटला. कोणी म्हणे अर्ज करू, कोणी म्हणे पेपरवाल्यांना बोलावू. अर्जाचा मसुदा तर मीच लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे आबा आले. आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात गेलेलं, आता गुडघ्यांमुळे घरी असतात. त्यांना मी मोठ्या कौतुकाने ती रेघ ओढून दाखवली. आबांनी चष्मा सारखा केला, चहा बशीत ओतला आणि विचारलं, "गो बाय, ह्यां चित्र भरतीचा काय सुकतीचा?"

मी गप्प.

"त्या दिसाक तिथ काय होती?"

तिथी! सेंटिनेल-२ आमच्यावरून सकाळी अकराच्या आसपास जातो, नेहमी त्याच सुमाराला. मला वाटलं होतं, वेळ एकच म्हणजे तुलना चोख. पण घड्याळातली वेळ तीच असली तरी समुद्राची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणात लहानपणीच शिकवतात, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अष्टमीला बाराच्या सुमारास पूर्ण सुकती. हे मला येत होतं, लॅपटॉपसमोर बसल्यावर डोक्यातून गेलं होतं इतकंच.

जुन्या तारखांची पंचांगं शोधली. २०१८ चं चित्र अष्टमीचं निघालं. अकरा वाजता पाणी खाली गेलेलं, पुळण ऐसपैस. यंदाचं चित्र चतुर्दशीचं. चौदाची पाऊणपट साडेदहा. उधाणाची भरती नुकती पुरी झालेली आणि उपग्रहाने नेमका तेव्हा फोटो काढलेला. माझे तीस-चाळीस मीटर समुद्राने नेले नव्हते, संध्याकाळी पाचच्या आत ते परत उघडे पडले असणार. ग्रुपवर माफी मागितली. एका काकांनी अजून चिडवायचं सोडलेलं नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. आधी महिना सारखा घ्यायचा. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि थंडी-उन्हाळ्यात ती हळूहळू परत येते, त्यामुळे नोव्हेंबरचं चित्र एप्रिलच्या चित्राशी लावण्यात अर्थ नाही. मग तिथी सारखी, शक्यतो अष्टमीच्या आगेमागे. तेव्हा भांग असतो, पाण्याची चढउतार कमी, एखाद्या तासाच्या फरकाने फारसं बिघडत नाही. आणि ढग नकोत. या तीन चाळण्यांतून वर्षाला जेमतेम दोन-चार चित्रं उरतात. पण ती एकमेकांशेजारी लावता येतात.

अशी लावल्यावर काय दिसलं? आमच्या घरासमोर एखाद्या ठिपक्याचा फरक, कधी आत, कधी बाहेर. एका ठिपक्यावर मी काहीच म्हणणार नाही, तेवढी चूक चित्रं जुळवतानाही होते. खाडीच्या मुखाची गोष्ट वेगळी. पर्यटकांना त्सुनामी आयलंड म्हणून दाखवतात त्या बाजूची वाळू दर वर्षी वेगळ्या आकाराची दिसते. आबांना ते पाठ आहे, होडी कुठून घालायची हे त्यांना दर मोसमात नव्याने बघावं लागायचं. मी मात्र पहिल्यांदाच सगळी वर्षं ओळीने बघितली. हीच चित्रं जोडून हलता तुकडाही बनवता येतो. तो ग्रुपवर टाकला, या वेळी खाली तिथ्या लिहून.

सोबत आणखी दोन गोष्टी वापरून बघितल्या, त्यांचं थोडक्यात. गूगल अर्थचा टाइमलॅप्स १९८४ पासूनची वर्षं भराभर पळवतो. बघायला मजा येते, चिपी विमानतळाच्या सड्यावरचा बदल त्यात लख्ख दिसतो. पण ते वर्षभराची चित्रं मिसळून एक चित्र करतात. भरती-सुकती सगळी एकत्र घोटलेली, त्यामुळे किनाऱ्याच्या रेषेसाठी मी त्यावर विसंबत नाही. नासाचं वर्ल्डव्ह्यू रोजचं चित्र देतं, अरबी समुद्रात चक्रीवादळ फिरत असलं की ते बघण्यासारखं. पण त्यातला ठिपका अडीचशे मीटरचा, देवबागची रुंदी एक-दोन ठिपक्यांत संपते.

लॅपटॉप हवाच. मोबाइलवर माझं बोट रेघेऐवजी नकाशाच ओढतं. आणि आमच्याकडे संध्याकाळी सगळे पाहुणे वायफायला चिकटले की चित्र चौकोना-चौकोनाने उगवतं, तेव्हा ते निजल्यावरच बसते.

आता मे आहे, पुन्हा ढग यायला लागलेत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ऑक्टोबरच्या पुढच्या अष्टम्यांना आत्ताच पेन्सिलीने गोल करून ठेवलेत. सासूबाईंना वाटलं, मी नवीन उपास धरला.