पाच छेद अठरा, मिनिटांचा हिशेब की एककांसह मांडणी?

शिष्यवृत्ती किंवा पोलीस भरतीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांपुढे वेग, वेळ आणि अंतराच्या उदाहरणांत एककांचे रूपांतर करण्याच्या तीन पद्धती असतात: ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणून मीटर प्रति सेकंद काढणे, सगळे किलोमीटर आणि मिनिटांत ठेवणे, किंवा प्रत्येक संख्येशेजारी तिचे एकक लिहून ती एकके वर-खाली काटत जाणे.

कोकण रेल्वेवरील करबुडे बोगदा सुमारे ६.५ किलोमीटर लांब आहे. ५०० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने तो पूर्ण ओलांडते असे धरले, तर गाडीची स्वतःची लांबी मिळवून अंतर ७००० मीटर होते, वेग ७२ × ५/१८ = २० मीटर प्रति सेकंद येतो आणि उत्तर ३५० सेकंद मिळते. वेग १८ च्या पटीत असेल तेव्हा याहून झटपट पद्धत नाही. पण वेग ताशी ८० केला की २२.२२… असा न संपणारा दशांश येतो आणि तो घाईने २२ धरला, तर ३१५ ऐवजी ३१८ सेकंद येतात. मिनिटांच्या पद्धतीत हेच उदाहरण ७ × ६० ÷ ८० = ५.२५ मिनिटे, म्हणजे ५ मिनिटे १५ सेकंद, असे तोंडी सुटते, ५.२५ म्हणजे ५ मिनिटे २५ सेकंद नव्हे, एवढेच भान ठेवावे लागते.

एककांसह मांडणीला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. तरीही पाचवी-सहावीच्या मुलांना सुरुवात तिच्यापासूनच करून द्यावी, असे माझे ठाम मत आहे, कारण १०००/३६०० मधून ५/१८ कसे आले हे तिथेच दिसते आणि चुकून १८/५ ने गुणले तर एकके काटली जात नाहीत, त्यामुळे चूक लगेच पकडता येते. जहाजाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटरच्या एककात, दिला असेल तर पाठ केलेले ५/१८ एकटे पुरत नाही. ही मांडणी मात्र तिथेही तशीच चालते.

मोठ्या परीक्षार्थींनी पर्याय आधी पाहावेत. ते मिनिटांत असतील तर मिनिटांची पद्धत घ्यावी; सेकंदांत असतील तर ५/१८ वापरावे, मात्र ८० चा वेग दशांशात न नेता २००/९ असाच ठेवावा, म्हणजे ७००० × ९/२०० = ३१५ सेकंद हे उत्तर नेमके येते.