सिरिलिक वाचायचंय: तक्ता घोकायचा की पाट्या फोडायच्या?
मॉस्कोला जाण्याआधी रशियनच्या सिरिलिक लिपीची ३३ अक्षरं तक्त्यावरून क्रमाने घोकता येतात, किंवा थेट पाट्यांवरचे शब्द फोडत शिकता येतं. तक्त्यात काही सुटत नाही, पण ओळखीची दिसणारी अक्षरंच दगा देतात: इंग्रजी पी दिसतो तो 'र', सी तो 'स', एच तो 'न'. म्हणून 'रेस्तोरान'ची पाटी घाईत 'पेक्टोपाह' वाचली जाते. हा एक शब्द फोडला की तिन्ही ठग एकदम पकडले जातात.

प्रवाशाला पाट्याच बऱ्या. लिहिल्याबरहुकूम वाचलं तर मेट्रोत 'वखोद' म्हणजे आत, 'विखोद' म्हणजे बाहेर. फरक दोन तुकड्यांत लिहिलेल्या एका अक्षराचा.

तक्ता हवा तो रशियनमधल्या दोन वेगळ्या 'च'साठी. एक चमच्यातला, दुसरा चहातला; हे मात्र मराठी जिभेला फुकटात मिळतं.