ट्रेलर उत्तम, पण ताबा देतानाची तपासणी नावापुरती

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चार जणांना झोपता येईल असा, दोन चाकांचा प्रवासी ट्रेलर बांधून घेतला आणि बोलेरोच्या मागे जोडून लातूरला आणला. लाकूडकाम, गाद्या, खिडक्यांच्या जाळ्या यांबाबत काहीही तक्रार नाही. मात्र वर्कशॉपने ज्या तपासणीच्या कागदावर आमची सही घेतली, ती तपासणी नावापुरतीच झाली होती, हे नळदुर्गच्या पहिल्या सहलीत कळले.

औशाच्या पुढे मागून एक ट्रक वेगात ओलांडून गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. ब्रेक न दाबता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर तो सावरला. परत आल्यावर धर्मकाट्यावर भरलेल्या ट्रेलरचे वजन केले, ते 900 किलो भरले. मग ओळखीच्या आडत दुकानातल्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर ट्रेलरचे गाडीला अडकणारे जोडणीचे टोक टेकवले, तर तेथे जेमतेम 60 किलो भार होता. हा भार एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो. तो कमी पडला की ट्रेलर झोके घेतो. दोष पाण्याच्या टाकीचा होता, कारण 80 लिटरची टाकी चाकांच्या मागे बसवलेली आहे. ती रिकामी करताच टोकावरचा भार 92 किलो झाला. आता आम्ही मुक्कामी पोहोचल्यावरच टाकी भरतो.

त्याच सहलीत तुळजापूरला थांबलो असता पाना लावून पाहिला, तर डाव्या चाकाचे तीन नट पाव फेरा फिरले. नव्या रिमवर नटाखालचा रंग दाबला जात असल्याने पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेच लागतात, पण हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. फोन केला तर उत्तर मिळाले, "साहेब, पाइप लावून आवळलेत." पाइप लावल्याने नट नेमका किती आवळला हे कळत नाही, म्हणून आम्ही टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने आवळता येणारा पाना, घेतला आणि नट फिरला तर कळावे म्हणून प्रत्येक नटावर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली.

सर्वांत गंभीर चूक गॅसची होती. गळती ओळखणारे यंत्र छताजवळ लावले होते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, आणि यंत्र वाजेपर्यंत उशीर झाला असता. रेग्युलेटरच्या जोडाला साबणाचे पाणी लावताच बारीक बुडबुडेही आले. यंत्र खाली घेतले, नळी बदलली. सुरक्षासाखळ्या सरळ अडकवलेल्या होत्या, त्या जोडणीच्या खालून फुलीसारख्या घेतल्या, म्हणजे जोडणी निसटली तरी टोक रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर टेकते.

आमच्याकडच्या उन्हाचा हिशेबही बांधणाऱ्याने धरलेला दिसत नाही. मे महिन्यात छतावरच्या झरोक्याभोवतीचे सीलंट तडकले आणि मृगाच्या पहिल्या सरीत गादी भिजली. त्याची दुरुस्ती मात्र वर्कशॉपने विनाशुल्क आणि नीट करून दिली, हे नमूद केले पाहिजे. टायरमधील हवा आम्ही सकाळी, चाके थंड असतानाच मोजतो, आणि प्रत्येक थांब्यावर दोन्ही हबांजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हात नेऊन पाहतो. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापला तर बेअरिंग तपासावे लागेल. अजून तशी वेळ आलेली नाही. दिवाळीच्या सहलीआधी हब उघडून ग्रीस भरायचे आहे, पण ते काम लातूरमध्येच, समोर उभे राहून करून घेणार आहोत.