हमीचं पॅकेज आणि भिंतीवरचा कागद

लग्नाला सात वर्षं झाली होती. घरचे आता तोंडावर विचारत नव्हते, एवढाच काय तो बदल. त्यात तालुक्याच्या मंगल कार्यालयात 'मोफत वंध्यत्व निवारण शिबिर' लागलं. हिची सोनोग्राफी फुकट झाली आणि आम्ही गळाला लागलो.

चार दिवसांनी दवाखान्यातल्या मॅडमचा फोन. "दादा, वहिनींचं वय चौतीस. आता एकेक महिना मोलाचा." १ लाख ८० हजारांचं टेस्ट ट्यूब बेबीचं पॅकेज, गर्भ राहिला नाही तर सगळे पैसे परत. स्टॅम्प पेपरवर लिहून देतो म्हटल्यावर मी विरघळलो. हिच्या पाटल्या तारण ठेवल्या, १ लाख २० हजार भरले. त्यातले ७० हजार रोख, कच्च्या पावतीवर. एरवी मी किराणा दुकानातही पक्कं बिल मागणारा माणूस.

मग सुरू झाली 'गर्भाशयाची तयारी'. अकरा महिने. इंजेक्शनं पॅकेजबाहेर, आणि घ्यायची त्यांच्याच मेडिकलमधून. तीन वेळा आययूआय केलं, म्हणजे वीर्य धुऊन नळीने गर्भाशयात सोडतात ते. दर वेळी मी नमुना दिला, रिपोर्ट मागितला, दर वेळी उत्तर एकच: "फाइलला लावलाय." टेस्ट ट्यूब कधी, विचारलं की "पुण्याचे सर तारीख देतील."

हिची मावसबहीण नर्स आहे. तिने विचारलं, "दाजी, त्यांचं रजिस्ट्रेशन कुठल्या लेव्हलचं?" मला प्रश्नच कळला नाही. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची झाली आहे. लेव्हल १ असेल तर फक्त आययूआय करता येतं. टेस्ट ट्यूबसाठी लेव्हल २ लागतं. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. लावलं होतंच की, गुबगुबीत बाळांच्या फोटोंच्या गर्दीत. लेव्हल १. अकरा महिने मी त्याच भिंतीकडे तोंड करून बसत होतो.

पैसे मागायला गेलो तेव्हा इंग्रजी करारातलं कलम पुढे आलं: गर्भ तीनदा गर्भाशयात सोडूनही राहिला नाही, तरच परतावा. जे तिथे एकदाही होणार नव्हतं, ते तीनदा!

बाहेरच्या लॅबमध्ये माझी तपासणी केली. दर मिलिलिटरला ३० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १ कोटी ६० लाखांची आहे. नव्या डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या कमी संख्येवर आययूआयचा फारसा उपयोग नव्हता, थेट पुढच्या उपचाराचं बोलायला हवं होतं. तीनदा नमुना तपासणाऱ्यांना हे दिसलं नसेल? इंजेक्शनं हिने टोचून घेतली, उपासतापासही आईने हिच्याच मागे लावले होते. त्या रात्री आईला मी रिपोर्ट वाचून दाखवला. ती काही बोलली नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दोन वर्षांच्या आत टाकावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. यूपीआयने दिलेले ५० हजार खात्यात दिसतात. रोख दिलेल्या ७० हजारांच्या पावतीवर सही कुणाची, असं वकिलांनी विचारलं. उजेडात धरून पाहिली. सही नाहीच, नुसती बरोबरची खूण आहे.